पोरकीवर ठेवलेली गोष्ट

म्हाळूला माणसांची तोंडं ध्यानात राहत नसत. तलाठी त्याला चारदा भेटला आणि चारही वेळा म्हाळूनं त्याला एस्टीचा कंडक्टर समजून वाट करून दिली. सख्ख्या साडूला सिरसाळ्याच्या बाजारात "पाव्हणं, कोणचं गाव?" असं विचारून बसला, तो साडू अजून त्याच्या दारचं पाणी पीत नाही. मेंढीचं तोंड मात्र एकदा बघितलं की म्हाळूच्या डोक्यात जाऊन बसायचं, आणि मेंढी मेली तरी तिथून उठायचं नाही.

केजच्या बाजाराची गोष्ट तर तालुकाभर झाली होती. साल-दीड सालामागं हरवलेली मेंढी त्यानं तिथं नुसत्या खोकल्यावरून ओळखली. तीही गर्दीत, पाठमोरी. विकणारा म्हणाला, ही तर माझ्या घरी जन्मली. म्हाळू म्हणाला, "मंग हिच्या डाव्या मांडीत बाभळीचा काटा मोडलाय, त्यो कोणच्या साली मोडला ते सांग बे." बघितलं तर काटा होता. बघणारे पुढं असंही सांगतात, की काटा बाहेर आल्यावर म्हाळूला बघून लाजला. काटे लाजतात का, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी केजला जाऊन घालावा. एवढं मात्र खरं, की पुढचं सगळं या एका गुणावर उभं राहिलं आणि याच गुणावर येऊन कोसळलं.

ते साल शहाऐंशीचं असेल, नाहीतर सत्त्याऐंशीचं. पावसानं तिकडं तोंडच दाखवलं नव्हतं. म्हाळू, त्याची बायको मनकर्णा आणि धाकटा भाऊ बंकट, एवढ्यांचं पाल आप्पांच्या पडीक रानात पडलेलं होतं. आप्पा म्हणजे सिरसाळ्याकडचे मोठे जमीनदार, साखर कारखान्याचे संचालक. मेंढ्या त्यांच्या रानात बसवायच्या, लेंड्यांचं खत त्यांच्या मातीला, आणि बदल्यात ज्वारी म्हाळूच्या पालात, असा वडिलांपासूनचा रिवाज होता.

मनकर्णा बोलायला तिखट आणि हसायला मोकळी बाई. पोटाला पोर नव्हतं. एक कोकरू जन्मताच आईवेगळं झालं, त्याला तिनं गुळाच्या पाण्यात बोट बुडवून चाटवत चाटवत वाढवलं. म्हाळू तेव्हा कळप घेऊन लांब गेलेला होता. परत आला तर पालात ही नवी लेक. तिचं नाव पोरकी. मोठी मेंढी झाली तरी पोरकी मनकर्णाच्या टाचेला टाच लावून फिरायची आणि कुणाचाही हात समोर आला की आधी बोटं चाटायची. बाकी तिच्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. रंग मातीचा, कान साधे, चाल साधी.

त्या साली मनकर्णाला तहान लागली. तशी ती सगळ्या जिल्ह्यालाच लागली होती, म्हणून आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. पण ही तहान निराळी. घागर तोंडाला लावली की बूड दिसेपर्यंत खाली यायची नाही. टँकरवरच्या बायका म्हणायच्या, गावात यायच्या आधी टँकर मनकर्णाच्या घशात उभा राहून येतो. ती म्हणायची, "मंग डायवरला सांगा, हॉर्न हळू वाजव. माजा घसा दुखतोय." बायका हसायच्या. पण ती वाळत चालली. हातातल्या काकणांत चिंधी बांधावी लागली, तेव्हा आप्पांच्या बायकोनं, छबुबाईनं, आप्पांना सांगितलं आणि आप्पांनी मनकर्णा-म्हाळूला जीपमध्ये घालून कारखान्याच्या शिबिराला नेलं.

कारखान्याला त्या साली ऊसच नव्हता. गव्हाण रिकामी, बॉयलर गार, भोंगा मुका. पण सहकारात काहीतरी चालू असलेलं दिसावं लागतं, म्हणून चेअरमननं मधुमेहाचं शिबिर भरवलं. शेजारच्या कारखान्यानं आपल्या शिबिरात रोग्यांना वीस सूचना दिल्या, अशी बातमी चेअरमनच्या कानावर आलेली होती. ते म्हणाले, आपल्याकडं चाळिसाच्या खाली काम होणार नाही. डॉक्टरांकडं तेवढ्या निघेनात, तेव्हा संचालकांनी आपापल्या पदरच्या घातल्या.

मंडपात सकाळपासून दुपारपर्यंत सांगणं चाललं. ज्याच्या हातात माईक आला त्यानं सांगितलं. पाय धुवा, पाय पुसा, बोटांच्या बेचक्यांत बघा. अनवाणी चालू नका. मीठ कमी खा. तेल कमी खा. डोळे तपासा, दात तपासा. हिरव्या पालेभाज्या भरपूर खा. हे ऐकून बसलेल्या बायांनी मंडपाबाहेरच्या रानाकडं बघितलं आणि मुकाट्यानं माना खाली घातल्या. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खा. मन प्रसन्न ठेवा. एका संचालकानं कारल्याचा रस सांगितला, दुसऱ्यानं त्याच्या विरोधात जांभळाची बी सांगितली, कारण दोघं पॅनेलमध्येसुद्धा एकमेकांच्या विरोधात होते. आणि प्रत्येकानं उठताना व बसताना एक गोष्ट न चुकता सांगितली, ती म्हणजे साखर. साखर विष आहे. साखरेकडं बघू नका. एक जण तर म्हणाला, साखरेचं नावसुद्धा घेऊ नका. मागं फलकावर कारखान्याचं नाव होतं, त्यातला 'साखर' हा शब्द त्याच्या डोक्यामागं बरोब्बर झाकला गेला, एवढी अब्रू राहिली.

छापील कागद वाटले, पण त्यावर एका बाजूला चेअरमनचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला संचालक मंडळाची नावं होती. पथ्यं छापायला जागा उरली नाही. तसंही म्हाळूला वाचता येत नव्हतं.

शेवटी गोळ्यांसाठी रांग लागली. मनकर्णाचं रक्त, लघवी तपासून झाली होती. एक तरणी डॉक्टरीण टेबलाशी बसली होती. सकाळपासून तिला कुणी माईक दिला नव्हता. तिनं म्हाळूच्या हातात पांढऱ्या गोळ्यांची पुडी ठेवली आणि त्याच्याकडं बघून सावकाश सांगितलं, की काका, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं ध्यानात ठेवा. या गोळीवर पोट रिकामं राहिलं, तर बाईला दरदरून घाम सुटेल, हात कापतील, ती भलतंच बोलेल. तसं झालं तर त्याच घडीला तिच्या तोंडात साखर घालायची. तेव्हा साखर हेच औषध.

ती हे सांगत होती तेव्हा लाऊडस्पीकरवर पुकारा झाला, की शिबिराला आलेल्या प्रत्येक पेशंटला कारखान्यातर्फे एक किलो साखर भेट आहे. खोटं वाटेल, पण तसंच झालं. माणसं उठली, खुर्च्या पडल्या, मनकर्णाला बायांनी त्या रांगेत पुढं लोटलं. ती डॉक्टरिणीचं बोलणं ऐकायला तिथं नव्हतीच. म्हाळू एकटा होता. त्यानं मान हलवली. डोक्यात आधीच चाळीस माणसं उभी होती, त्यांतून वाट काढत ही एक गोष्ट आत शिरली आणि कोपऱ्यात उभी राहिली.

जीपमधून येताना मनकर्णा मांडीवर साखरेची पिशवी घेऊन हसत होती. इखाच्या किलोभर पुडीबद्दल कारखान्याचं भलं होवो, म्हणाली. म्हाळू हसला नाही. त्याचे ओठ हलत होते. एक गोष्ट धरावी तर दुसरी निसटत होती. या बाईला जगवायचं असेल तर हे सगळं आपल्याला धरून ठेवायचं आहे, एवढंच त्याला कळत होतं, आणि चुकून जी एक सुटेल तीच जीवाची असेल अशी त्याला धास्ती होती.

संध्याकाळी मेंढ्या वाघुरीत घेताना त्याला युक्ती सुचली. वाघूर म्हणजे जाळ्याचं कुंपण, त्याच्या तोंडातून मेंढ्या एकेक करून आत जातात. म्हाळू तोंडाशी उभा राहिला आणि आत जाणाऱ्या मेंढीवर एकेक पथ्य ठेवत गेला, जसं बैलावर ओझं ठेवावं. अनवाणी चालायचं नाही, हे लंगडीवर. मीठ कमी, हे खारीवर, कारण ती भिंती चाटत फिरायची. डोळ्यांचं काणीवर. गोळी चुकवायची नाही, हे कानतुटीवर, ती म्हातारी कधी वेळ चुकवत नसे. हिरवा पाला भरपूर, हे सगळ्यांत रोडावलेल्या मेंढीवर, तिलाही तेवढीच आशा. मन प्रसन्न ठेवायचं, हे एका तिरसट मेंढीवर ठेवलं, तर ती म्हाळूला ढुसणी देऊन आत गेली. आणि साखर विष आहे, हे सगळ्यांत मोठं ओझं घंटेवाल्या एडक्यावर. त्या एडक्याचं नाव सरपंच. काही ठाऊक नसताना सगळ्यांच्या पुढं चालायचा म्हणून.

सगळ्यांत शेवटी, मनकर्णाच्या मागोमाग, पोरकी आली. तोवर म्हाळूकडं एकच गोष्ट उरली होती, डॉक्टरिणीची. कारण काही नव्हतं, खूण काही नव्हती. पोरकी शेवटची होती आणि गोष्टही शेवटची. त्यानं ती पोरकीवर ठेवली आणि वाघूर बंद केली.

मनकर्णा कमरेवर हात ठेवून बघत होती. "गोळ्या म्या गिळायच्या आन् हाजरी मेंढ्यांची," ती म्हणाली. "उद्या मेंढ्याच बऱ्या व्हतील, मी ऱ्हाईन तशीच."

पण युक्ती लागू पडली. रोज संध्याकाळी मेंढी समोर आली की पथ्य आपोआप म्हाळूच्या ओठावर येई. मेंढीची पाठ फिरली की तेही जाई, पण त्याची फिकीर नव्हती. मेंढ्या कुठं जात होत्या? साखरेची पिशवी त्यानं पालाच्या मधल्या दांडीला टांगून ठेवली होती. भेट आलेली वस्तू टाकून कशी द्यायची. मनकर्णाची तहान उतरली, चेहऱ्यावर पाणी आलं. टँकरवरच्या बाया म्हणाल्या, आता गावाला दोन घागरी जास्त मिळायला लागल्या.

असं आठवडाभर चाललं. मग रानातलं उरलंसुरलं काडीकाडीनं संपलं. कारखान्यानं जनावरांसाठी छावणी काढली होती, तिथं बाहेरून आणलेलं उसाचं वाढं आणि पेंड मिळायची. म्हाळू कळप घेऊन गेला तर छावणीवाल्यानं सांगितलं, गाय, बैल, म्हैस आणा. मेंढरू नियमात बसत नाही. म्हाळूनं आप्पांना सांगून बघितलं. आप्पा म्हणाले, नियम वरचा आहे. बंकट म्हणाला, आपल्या मेंढ्यांना शिंगं बांधून म्हशी म्हणून न्याव्यात, कारखान्याच्या माणसाला फरक कळायचा नाही. बोलून झालं तरी मेंढ्या उपाशीच होत्या.

शेवटी ठरलं, की बंकटनं धडधाकट मेंढ्या घेऊन गंगेकडं जायचं. गोदावरीला तिकडं गंगाच म्हणतात, आणि गंगेच्या पात्राच्या कडंला तेव्हा थोडं हिरवं होतं. चालू न शकणारी म्हातारी, लंगडी, आजारी जनावरं घेऊन म्हाळूनं बायकोजवळ राहायचं. निवड पायांच्या जोरावर झाली. कुणाच्या डोक्यावर काय ठेवलंय, हे त्या सकाळी म्हाळूच्या मनात आलं नाही. सरपंचाच्या एका खुराला जखम होती म्हणून तो मागं राहिला. पोरकीला मनकर्णानं सोडलं नसतं, पण तिनं स्वतःच तिला बंकटच्या पुढ्यात ढकललं. "हितं राहून माज्यासंगं कशाला वाळती?" म्हणाली. "जा. पोट भरून ये." पोरकी तीन वेळा माघारी फिरली. चौथ्यांदा बंकटनं तिच्या गळ्यात दोरी घातली.

त्या संध्याकाळी म्हाळू वाघुरीच्या तोंडाशी उभा राहिला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. लंगडी गेली, कानतुटी गेली, रोडावलेली गेली, सरपंच घंटा वाजवत गेला, आणि संपलं. बाकी पथ्यं गंगेला गेली होती. मनकर्णा म्हणाली, बरं झालं, मेंढरं कमी तशी माजी दुखणीबी कमी. म्हाळूला रात्रभर झोप आली नाही.

गोळी मात्र कानतुटीनं चुकू दिली नाही. चुकली ती भाकर. ज्वारी संपत आली होती. आप्पांची कणगी खाली बसली होती, मागायला तोंड उचलत नव्हतं. मनकर्णा म्हाळूला वाढून झाल्यावर म्हणायची, म्या मघाच खाल्लं. तो विचारायचा, कधी? ती म्हणायची, तुमी मेंढरं मोजत व्हता तवा. मोजायला मेंढ्या तरी कुठं राहिल्या होत्या. पण म्हाळूनं ते मानलं. माणसाचं तोंड त्याला कधी वाचता आलंच नव्हतं.

एका सकाळी ती चुलीपाशी बसल्या बसल्या घामानं भिजली. हात इतके कापायला लागले की पिठाची परात वाजली. म्हाळूनं तिला आडवं केलं, टॉवेलनं वारा घातला. थोड्या वेळानं तिनं राहिलेली अर्धी भाकर खाल्ली आणि उठून बसली. ऊन लागलं, असं दोघांनी ठरवलं. पण म्हाळूच्या मनात काहीतरी टोचलं. हे कुणीतरी सांगितलं होतं. घामाचं, थरथरीचं. हे कुठल्या तरी मेंढीवर होतं. त्यानं डोळे मिटले आणि वाघुरीचं तोंड समोर आणलं. एकेक मेंढी आत गेली. शेवटी पोरकी आली, मातीच्या रंगाची, साध्या कानांची. तिच्यावर होतं. काय होतं, ते येईना. नुसत्या आठवणीतली पोरकी काही बोलत नव्हती.

तो आप्पांकडं गेला. आप्पा शिबिरात सगळा वेळ स्टेजवर होते. त्यांना आपल्या गळ्यात पडलेल्या हाराची फुलं आठवत होती, बाकी काही नाही. बाजाराच्या दिवशी एक खाजगी डॉक्टर सिरसाळ्याला बसायचा, त्याच्याकडं गेला. गर्दी पोत्यात ठासून भरावी तशी. डॉक्टरनं मान वर न करता सांगितलं, उन्हाचं आहे, आणि हातासरशी आणखी दहा-बारा पथ्यं सांगितली. म्हाळू ती घेऊन रस्त्यावर उभा राहिला. ती ठेवायला त्याच्याकडं मेंढी नव्हती. पालाशी येईपर्यंत एकही उरलं नाही.

त्यानंतर दोन-तीनदा तसं झालं. शेवटच्या वेळी मनकर्णा भलतंच बोलायला लागली. म्हाळूला बंकट म्हणाली, पोरकीला हाका मारल्या. मग तिची नजर दांडीला टांगलेल्या पिशवीवर गेली आणि तिथंच राहिली.

"आवं," ती म्हणाली, "चिमूटभर साखर द्या की."

बाहेर सरपंचाची घंटा वाजत होती.

"न्हाई मनकर्णा. इख हाय ते."

"बोटाला लावून द्या नुसती. जीव मागतोय."

"जीवच तर राखायचाय तुजा," म्हाळू म्हणाला. तो उठला, त्यानं पिशवी सोडली आणि हात पोचणार नाही अशी पार वरच्या आड्याला बांधली. खाली आल्यावर त्यानं तिला चुलीवरचं उरलेलं आंबील पाजलं. त्यात ज्वारीचं पीठ होतं, तेवढ्यावर ती सावरली. वर बघून थकलेलं हसली. म्हणाली, साखर कारखान्यानं दिली, पर चेअरमन तुमीच निघाला.

दुसऱ्या सकाळी म्हाळूनं ठरवलं. गंगेला जायचं, पोरकीचं तोंड बघायचं आणि गोष्ट घेऊन यायचं. त्यानं छबुबाईला बोलावून पालात बसवलं. छबुबाई मोठ्या घरची, पण मनकर्णावर तिचा जीव. म्हाळूनं तिला जे आठवत होतं ते सगळं सांगितलं. कानतुटीची गोळी, लंगडीचं अनवाणी न चालणं. आणि जाताना परत वळून आला.

"वैनी, काई झालं तरी साखर न्हाई द्यायची. ती मागंल. लई मागंल. पायाला हात लावंल. तरीबी न्हाई."

छबुबाई म्हणाली, "देवाची आन म्हाळूभाऊ. माज्या हातानं न्हाई व्हायचं."

मनकर्णा गोधडीवर पडून हे ऐकत होती. म्हणाली, माज्या लेकीला सांगा, आईनं इचारलंय. म्हाळू निघाला.

एस्टीनं निम्मी वाट, पुढं पायी. दुपार कलताना गंगेचं वाळवंट दिसलं आणि कडंला बंकटचा कळप. बंकटनं भाऊ बघितला आणि त्याचं तोंड पांढरं पडलं. वैनीला काय झालं, विचारलं. म्हाळू म्हणाला, पोरकी कुठाय. बंकटला वाटलं भावाला ऊन लागलं. म्हणाला, "दादा, मेंढीला भेटायला एवढ्या लांब आलास व्हय? मला निरोप धाडला असता तर म्याच तुज्या नावानं तिचा मुका घेतला असता." म्हाळूनं त्याला बाजूला सारलं.

मेंढ्या पाण्यावर आलेल्या होत्या. भरलेल्या अंगानं त्या निराळ्या दिसत होत्या, तरी म्हाळूला एकेक सांगत गेली. मीठ, खारी म्हणाली. डोळे, काणी म्हणाली. दात, तेल, नखं. तिरसट मेंढीनं त्याला इथंही ढुसणी दिली. पोरकी पाण्यातून वर आली आणि त्याच्याकडं बघत उभी राहिली. म्हाळूनं तिच्या तोंडाकडं बघितलं. काही आलं नाही. गुडघ्यावर बसून त्यानं तिचं तोंड दोन्ही हातांत घेतलं. तरी नाही. त्याला रडायला आलं.

तेव्हा पोरकीनं सवयीनं त्याची बोटं चाटायला सुरुवात केली. आधी एक, मग दुसरं. बोटावर गोड काही असेल म्हणून, जसं लहानपणी असायचं.

आणि डॉक्टरीण बोलली. घाम सुटेल, हात कापतील. त्याच घडीला तोंडात साखर. तेव्हा साखर हेच औषध.

म्हाळू तसाच उठला आणि पळत सुटला. बंकट मागून हाका मारत राहिला. रस्त्याला लागेपर्यंत दिवस बुडाला. परळीच्या वीज केंद्राची राख वीटभट्ट्यांवर टाकून एक ट्रक रिकामा परत चालला होता, त्याच्या मागच्या हौद्यात तो चढला. ड्रायव्हर पुढं सांगायचा, की त्या रात्री माझ्या ट्रकमध्ये एक माणूस उभ्यानं धावत होता. ट्रक चालला होता तरी तो हौद्यात धावतच होता, पुढच्या फळीपर्यंत आणि परत. ही गोष्ट ड्रायव्हरची, पण यात कुणाला वाढवून सांगितल्यासारखं वाटलं नाही.

उजाडताना म्हाळू पालापाशी पोचला. डोक्यापासून पायापर्यंत राखेनं पांढरा. पालाबाहेर चार माणसं बसलेली होती. आप्पांनी त्याला बघून मान खाली घातली.

मनकर्णाला गोधडीनं झाकलेलं होतं. छबुबाई उशाशी बसली होती. तिचा आवाज रडून बसला होता. काल दुपारीच घाम सुटला, तिनं सांगितलं. भाकर पुढं केली तर दातखीळ बसायला लागलेली. डोळे वर पिशवीकडं लावून पडली होती. आप्पा कारखान्याच्या मीटिंगला गेलेले, जीप तिकडं. जीप येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

"लई मागत व्हती भाऊ," छबुबाई म्हणाली. "बोलता येईना तवा हातानं दावत व्हती. माजं काळीज फाटलं, पर म्या न्हाई दिली. तुमचा शबुद म्या राखला."

म्हाळूनं पालाच्या दांडीला पाय लावला, वर चढला आणि आड्याची गाठ सोडली. पिशवी घेऊन तो मनकर्णापाशी बसला, तिच्या तोंडावरची गोधडी काढली. बोट थुंकीनं ओलं केलं, साखरेत बुडवलं आणि तिच्या ओठांच्या आत लावलं. राखेचं बोट, त्यावर पांढरी साखर. परत एकदा लावलं. परत एकदा. कुणीतरी म्हणालं, गंगा-तुळस घालायची असते. आप्पांनी हातानं त्याला गप्प केलं. माणूस दुःखात आहे, करू द्या, म्हणाले.

बऱ्याच वेळानं छबुबाईनं विचारलं. तिला विचारल्याशिवाय राहवेना, कारण सगळा दिवस तिच्या मनात तेच चाललं होतं.

"भाऊ, मेंढी घावली का? काय व्हतं तिच्यावर?"

म्हाळूनं तिच्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माणसाचं तोंड नीट बघितलं असेल. सुजलेले डोळे, कपाळावर विस्कटलेलं कुंकू, आणि शब्द राखल्याचा तेवढा एक आधार धरून बसलेली ती बाई. ते तोंड त्याला पुरतं वाचता आलं.

"काई न्हाई वैनी," तो म्हणाला. "मीठ कमी घालायचं, एवढंच व्हतं."

छबुबाईनं पदरानं डोळे पुसले. निदान मीठ तरी तिनं मनकर्णाला जास्त दिलेलं नव्हतं.

कारखान्याचं शिबिर पुढच्या साली आणखी मोठं झालं म्हणतात. म्हाळू त्या वाटेनं पुन्हा गेला नाही. बंकट कळप घेऊन परत आला, तेव्हा पोरकी सगळ्यांच्या पुढं पळत आली, पालात शिरली, कोपरान्‌कोपरा हुंगून बाहेर आली आणि म्हाळूच्या पायाशी बसली. त्यानं तिला हात चाटू दिले. रोज देत असे. कुणी बोलायला आलं तर मूठ मिटून घ्यायचा.

छबुबाई मात्र तेव्हापासून भाजीत मीठ कमी घालते. घरातले कुरकुरतात, सुना वरून घेतात. आप्पा जाईपर्यंत अळणीच जेवले. कुणी विचारलं तर ती सांगते, ही मनकर्णाची गोष्ट आहे, म्हाळूभाऊनं गंगेवरून आणलेली.